तिसरं अंडं

मार्च-एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या निफाडजवळच्या नांदूरमधमेश्वर जलाशयावर गेलात, तर पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या बेटांकडे दुर्बीण लावून बघा. काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा नदी सुरय चोचीत चंदेरी मासळी आडवी धरून उतरतो, मादीसमोर मान ताठ करून मिरवतो आणि मासळी तिला भरवतो. या दिवसांत तिच्या पोटात अंडी घडत असतात. त्यांचं सामान नर असा एकेक मासळीने आणत असतो.

सुरयचे समुद्रावरचे भाऊबंद म्हणजे कुरव. कुरवाची मादी साधारण तीन अंडी घालते. एकेका अंड्याचा बलक भरायला दहा-बारा दिवस लागतात, त्यामुळे त्या पंधरवड्यात तिने काय खाल्लं ते थेट अंड्यात उतरतं. तिसरं अंडं बहुधा सगळ्यात लहान असतं. खाण्याची ओढाताण झाली की पहिली झळ त्यालाच बसते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅलिश समुद्रात हे फार स्पष्ट दिसलं. तिथल्या करड्या पंखांच्या कुरवांच्या 1902 ते 2009 या काळातल्या अंड्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. 1962 मध्ये एका घरट्यात सरासरी 2.82 अंडी होती, 2009 मध्ये 2.25. शतकभरात अंड्यांचा आकारही सुमारे पाच टक्क्यांनी घटला. संग्रहालयांत जपलेली जुनी पिसं तपासली, तेव्हा खाणं बदलल्याचं उघड झालं: समुद्रातली मासळी कमी होत गेली आणि जमिनीवरचं, माणसाने टाकलेलं अन्न वाढत गेलं.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की कचरा डेपोवर खाण्याचा तुटवडा कधीच नसतो. तरीही कॅनडाच्याच पूर्वेकडच्या न्यू फाउंडलंडमध्ये शिंपले खाणाऱ्या कुरवांची अंडी कचऱ्यावर जगणाऱ्यांपेक्षा वजनदार निघाली आणि त्यांची पिल्लंही जास्त जगली. उष्ट्या-खरकट्याने पोट भरतं, अंडं भरत नाही. आपल्याकडचे पोल्ट्रीवाले हे जाणतात, म्हणून तर अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतात.

जागेचाही हिशेब असतो. अन्नासाठी शेकडो किलोमीटर समुद्र पालथा घालणारा अल्बट्रॉस एका विणीत एकच अंडं घालतो. किनाऱ्याजवळ चरणाऱ्या कुरवाला तीन परवडतात.

नदी सुरयला मासळी हवी आणि तिच्या जवळच उघडी, सुरक्षित वाळू किंवा गाळाचं बेट हवं. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं आणि पाणी चढलं, तर जमिनीतल्या खळग्यात घातलेली अंडी बुडतात. पाणी फार उतरलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत पोचतात. मासळी भरपूर असूनही वीण वाया जाते.

नांदूरमधमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. तिथली गर्दी, गणना, कॅमेरे, सगळं थंडीतल्या पाहुण्या पक्ष्यांसाठी. पण कुरव-सुरय दीर्घायुषी असतात. अंडी घटली तरी प्रौढ पक्ष्यांचा आकडा कित्येक वर्षं तसाच दिसत राहतो, आणि तो पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. नदी सुरय आता जागतिक पातळीवर संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. त्याची घरटी मार्च ते मे या काळात मोजायला हवीत, तीही काठावरूनच. बेटावर माणूस चढला की मादी उठते, आणि एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली अंडी बघता बघता तापतात.