कॅल्व्हरीचा मार्ग (रूबेन्सचे चित्र)

फ्लेमिश (आजच्या उत्तर बेल्जियममधील) चित्रकार पीटर पॉल रूबेन्स (१५७७–१६४०) याचे बरोक, म्हणजे हालचाल व नाट्यावर भर देणाऱ्या शैलीतील वेदीचित्र (चर्चच्या वेदीवर लावायचे चित्र). क्रूस वाहत कॅल्व्हरी या वधस्थानाच्या टेकडीकडे निघालेला ख्रिस्त हा त्याचा विषय. ब्रुसेल्सजवळच्या आफ्लिगेम येथील बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती मठाच्या मुख्य वेदीसाठी त्याने १६३४ ते १६३७ या काळात ते रंगवले. कॅनव्हासवर तैलरंगात असलेले हे चित्र साडेपाच मीटरहून अधिक उंच व सुमारे साडेतीन मीटर रुंद असून आता ब्रुसेल्सच्या राजेशाही ललितकला संग्रहालयात आहे.

क्रूस वाहणारा ख्रिस्त पूर्वीच्या अनेक चित्रांत आडव्या मिरवणुकीत दिसतो. वेदीची चौकट उभी, म्हणून रूबेन्सने मिरवणूकच चढणीला लावली. तळाशी बांधलेले दोन चोर, वर घोडेस्वार आणि निशाणे. एखाद्या रोमन विजययात्रेचा थाट. या वर सरकणाऱ्या गर्दीत फक्त ख्रिस्त कोसळून थांबला आहे आणि तो थेट पाहणाऱ्याकडे बघतो. चित्राचे सारे बळ या नजरेत आहे.

वाटेत क्रूस वाहायला लावलेला कुरेनेचा शिमोन तो उचलून धरतो, वेरोनिका ही भाविक स्त्री ख्रिस्ताचा चेहरा पुसते, जवळच शोकाकुल माता मरिया व शिष्य योहान. हा प्रसंग असा एकत्र कोणत्याही शुभवर्तमानात (बायबलमधील चार ख्रिस्तचरित्रांपैकी एकातही) नाही. योहानाच्या वृत्तांतात (१९:१७) ख्रिस्त स्वतःच क्रूस नेतो. शिमोन इतर तीन शुभवर्तमानांत येतो. वेरोनिका व ख्रिस्ताचे पडणे परंपरेतून आले. वसईतील कॅथलिकांना परिचित असलेल्या ‘क्रुसाची वाट’ या, ख्रिस्ताच्या अखेरच्या वाटचालीतील टप्पे क्रमाने स्मरण्याच्या भक्तीत पहिले पतन, मातेची भेट, शिमोन आणि वेरोनिका ही १४ पैकी ३ ते ६ क्रमांकांची स्थाने आहेत. रूबेन्सने ती एका क्षणात आणली.

एवढ्या मोठ्या कामाआधी रूबेन्स छोट्या ओक-फळीवर तैलरंगात कच्चे चित्र करी. या विषयाची अशी चित्रे ॲमस्टरडॅम व कोपनहेगन येथे आहेत. त्याच्या पद्धतीत छाया पातळ, तपकिरी अस्तर झिरपू देणारी, तर उजेडाचे भाग शिशाच्या पांढऱ्या रंगाने जाड चढवलेले असतात. काळानुसार तेलाचा थर अधिक पारदर्शक होतो, वार्निश पिवळते. त्यामुळे अशा चित्रांत छायेतील आकृत्या आधी बुडतात आणि पांढरा जाड रंग टिकून राहतो. म्हणून आजच्या छायाचित्रावरून मूळ रंगसंगतीचा निवाडा करू नये. आकाराचेही तसेच: वेदीवर उंच लावलेले चित्र मान वर करून पाहिले जाई, आणि ती चढण तेव्हाच अंगावर येते.