मेनफ्रेमवरच्या लिनक्सचा शेजारधर्म

लिनक्स हाताळण्याची सवय असलेल्या प्रशासकाला मेनफ्रेमवरच्या, म्हणजे एकाच वेळी प्रचंड काम पेलणाऱ्या मोठ्या संगणकावरच्या, लिनक्स सर्व्हरमध्ये नेटवर्कवरून प्रवेश दिला, तर आपण वेगळ्याच जातीच्या यंत्रावर आहोत हे त्याच्या सहजासहजी लक्षात येणार नाही. कमांड त्याच, फाइलींची मांडणी तीच. यंत्राचा प्रकार विचारला तर उत्तरात ‘एस३९०एक्स’ येते, एवढाच काय तो फरक. तो सर्व्हर नव्याने उभा करण्याची, त्याला डिस्क जोडण्याची किंवा तो संथ का झाला हे शोधण्याची वेळ येते, तेव्हा मात्र नेहमीच्या बऱ्याच सवयी उपयोगी पडत नाहीत आणि काही तर चक्क नडतात.

आयबीएमने आपल्या एस/३९० या मेनफ्रेम यंत्रांवर लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, चालवण्यासाठी लागणारे बदल डिसेंबर १९९९ मध्ये खुले केले. हे काम जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथील प्रयोगशाळेत झाले होते. एका यंत्राची अनेक आभासी यंत्रे करण्याची विद्या मात्र मेनफ्रेमकडे आधीपासूनच होती. त्यासाठीची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर झाली होती आणि आजची झेड/व्हीएम ही तिचीच वंशज आहे. तिच्या आधाराने चालणाऱ्या प्रत्येक आभासी यंत्राला ‘गेस्ट’ म्हणतात. २००० साली डेव्हिड बॉइज यांनी एकाच मेनफ्रेमवर ४१,४०० लिनक्स गेस्ट सुरू करून दाखवले. ते खऱ्या कामासाठी नव्हते, तरी या आकड्याने पुष्कळांचे लक्ष वेधून घेतले.

नवा गेस्ट उभा करण्याची रूढ पद्धत पाहिली की जुन्या काळात शिरल्यासारखे वाटते. कर्नल, सुरुवातीच्या सूचनांची फाइल आणि प्रारंभिक फाइल प्रणाली या तिन्ही गोष्टी आभासी पंच यंत्रातून आभासी कार्ड रीडरमध्ये पाठवतात आणि मग गेस्टला त्या रीडरवरून सुरू व्हायला सांगतात. खरी पुठ्ठ्याची कार्डे केव्हाच इतिहासजमा झाली, पण त्यांची रुंदी टिकून आहे: सूचनांच्या फाइलीतील ओळ आजही ८० अक्षरांत बसवावी लागते. गेस्टचे कन्सोलही (त्याला थेट आज्ञा देण्याचे साधन) त्याच घराण्यातले, ३२७० जातीचे. ते प्रत्येक कळ दाबताच ती पुढे पाठवत नाही, एंटर दाबल्यावर पूर्ण ओळ पाठवते. त्यामुळे नेटवर्क बिघडले आणि कन्सोलवरूनच फाइल दुरुस्त करायची वेळ आली, तर ‘व्हीआय’सारखा पूर्ण पडदा वापरणारा संपादक चालत नाही, ‘ईडी’ किंवा ‘एसईडी’ने ओळीओळीने काम उरकावे लागते. ‘ईडी’ शिकून ठेवण्याचे इतके ठोस कारण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

येथील पारंपरिक डिस्कला ‘डॅसडी’ म्हणतात. ती जोडली की आपोआप वापरात येते असे नाही. प्रत्येक उपकरणाला ०.०.०२०० अशा धाटणीचा क्रमांक असतो. आधी त्या क्रमांकाचे उपकरण चालू करायचे, मग डिस्कची मूलभूत आखणी करायची, मग तिचे विभाग पाडायचे. जागाही गिगाबाइटमध्ये नव्हे, तर सिलिंडर या डिस्कच्या ठरावीक आकाराच्या भागांमध्ये मोजतात. ४,०९६ बाइटच्या ठोकळ्यांनी आखलेल्या ३३९० जातीच्या डिस्कवर एका सिलिंडरमध्ये १८० ठोकळे मावतात, म्हणजे ३,३३९ सिलिंडरच्या डिस्कवर सुमारे २.४६ अब्ज बाइट. शिवाय हा प्रोसेसर संख्येतील मोठ्या स्थानाचा बाइट आधी ठेवतो, तर नेहमीचे इंटेल प्रोसेसर लहान स्थानाचा. आपण ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच उच्चारतो आणि लिहिताना आधी दोन लिहितो, तसलाच हा भेद आहे. कच्च्या बाइटांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो अचूक बाधतो.

खरी पारख होते ती गेस्टची संख्या वाढल्यावर. स्वतंत्र यंत्रावर सर्व्हर रिकामा बसला तर कोणाचे काही बिघडत नाही. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे शेकडो गेस्ट एकाच यंत्रात नांदत असले, तर मात्र रिकामपणाचीही किंमत मोजावी लागते. त्या काळचा लिनक्स कर्नल काम असो वा नसो, सेकंदाला १०० वेळा घड्याळाच्या ठोक्याने जागा होई. हजार गेस्ट असतील तर हे सेकंदाला एक लाख वेळा जागे होणे झाले आणि तेही काहीच न करण्यासाठी. त्यातून झेड/व्हीएमला कोणताही गेस्ट कधी निवांत दिसत नसे, त्यामुळे त्याची मेमरी काढून इतरांना देणे अवघड होई. यावर एस/३९०च्या कर्नलमध्ये असा तोडगा निघाला की रिकाम्या गेस्टने ठोके घेत बसू नये. पुढचे काम कधी आहे ते पाहून तेवढ्यापुरता गजर लावावा. हीच कल्पना पुढे इतर प्रोसेसरांसाठीच्या कर्नलमध्येही आली आणि लॅपटॉपच्या बॅटरीलाही तिचा फायदा झाला.

मेमरीची गोष्ट याहून उलटी आहे. मोकळी मेमरी दिसली की लिनक्स ती डिस्कवरील माहितीच्या प्रतींनी भरून टाकतो आणि एकट्या यंत्रावर हे शहाणपणाचेच ठरते. येथे मात्र तीच माहिती झेड/व्हीएमनेही साठवलेली असू शकते, आणि गेस्टने एकदा हात लावलेले मेमरीचे प्रत्येक पान (छोटा ठरावीक तुकडा) सांभाळण्याचा भार यंत्रावर पडतो. म्हणून जाणते प्रशासक गेस्टची मेमरी वाढवण्याऐवजी हळूहळू कमी करत नेतात आणि तो किंचित स्वॅप करू लागला, म्हणजे मेमरीत न मावणारा भाग डिस्कवर हलवू लागला, की थांबतात. ही स्वॅपची जागाही मेमरीतच वसलेल्या आभासी डिस्कवर ठेवतात. ऐकायला हे विचित्र वाटते, पण ती डिस्क वापरात येईपर्यंत जवळजवळ काहीच खात नाही.

रात्रीच्या ठरावीक कामांचेही तसेच. एकाच नमुन्यावरून बनवलेले सगळे गेस्ट लॉग (नोंदींच्या फाइली) गुंडाळण्याचे आणि फाइलींची सूची करण्याचे काम पहाटे एकाच मिनिटाला काढतात. पाणी सुटताच सगळ्या बिऱ्हाडांनी एकदम नळ उघडावेत तसे. त्यांच्या वेळा मागेपुढे केल्या की पुरते. हे टळले की नाही हे गेस्टमध्येच दिसते: ‘टॉप’ कमांडच्या ‘एसटी’ या रकान्यात, गेस्ट काम करायला तयार असूनही प्रोसेसर इतरत्र गुंतल्यामुळे त्याला थांबावे लागलेल्या वेळाची टक्केवारी येते.