गेमिंग लॅपटॉप की क्रिएटर लॅपटॉप? चिप तीच, मग फरक कुठे?

एका लॅपटॉपवर ‘गेमिंग’ अशी पाटी, दुसऱ्यावर ‘क्रिएटर’, म्हणजे फोटो, व्हिडिओ, थ्रीडीचं काम करणाऱ्यांसाठी. पाट्या वाचून वाटतं, आतली यंत्रंही वेगळीच असणार. प्रत्यक्षात दोन्हींमध्ये पुष्कळदा एकच प्रोसेसर आणि एकच ग्राफिक्स कार्ड असतं. ज्याला दिवसा एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम करायचंय आणि रात्री गेम खेळायचाय, त्याची गफलत इथेच होते. कार्डाचं नाव जुळलं म्हणजे ताकद जुळली, असं तो धरून चालतो.

एनव्हिडियाचं लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० घ्या. हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा कंपनीने लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिली होती. जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये ते पूर्ण विजेवर चालतं. सडपातळ क्रिएटर लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर काढायला जागाच कमी, म्हणून तिथे वीज कापली जाते. नाव मात्र दोन्हीकडे तेच छापलेलं. स्पेक शीटमध्ये ‘टीजीपी’ या नावाखाली हा वॉटचा आकडा असतो. तो दिलेलाच नसेल तर मी त्या मॉडेलकडे जरा संशयानेच पाहतो.

पातळ लॅपटॉप छोट्या चाचणीत छान दिसतो, हीसुद्धा एक अडचण आहे. पहिली काही मिनिटं सगळं थंड असतं, चिप जोरात पळते. लांबलचक रेंडर (सीनवरून अंतिम चित्र किंवा व्हिडिओ तयार करणं) लावलं की अंग तापतं आणि वेग खाली येतो. म्हणून रिव्ह्यू वाचताना सलग अर्धा तास ताण दिल्यावर काय झालं, तेवढंच आधी शोधावं. गंमत म्हणजे या बाबतीत ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रात्रभर रेंडर लावणाऱ्याची आणि तासन्तास खेळणाऱ्याची गरज अगदी सारखी आहे: सतत मिळणारी वीज आणि दमदार पंखे.

ग्राफिक्स मेमरीच्या, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या, बाबतीत मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात ८ जीबी. गेममध्ये मेमरी अपुरी पडली तर टेक्स्चरचं (पृष्ठभागांवरच्या चित्रांचं) सेटिंग एक पायरी खाली आणायचं, खेळ सुरूच राहतो. ग्राहकाने मागितलेल्या थ्रीडी सीनला अशी पायरी नसते. सीन मेमरीत मावला नाही तर रेंडर रखडतं किंवा बंदच पडतं. थ्रीडी हा पोटापाण्याचा व्यवसाय असेल, तर वेगापेक्षा मेमरीसाठी वरचं कार्ड घ्यावं, हे माझं ठाम मत.

आता स्क्रीन, कारण खरा भेद तिथेच होता. गेमिंगवाल्याला वेग हवा, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला जास्तीत जास्त वेळा बदलायला हवं: १४४, १६५, २४० हर्ट्झ. रंगांवर काम करणाऱ्याला रंग खरे हवेत, आणि स्क्रीन किती रंग दाखवते याची ठरलेली मापं आहेत: वेबसाठी पूर्ण एसआरजीबी, व्हिडिओसाठी डीसीआय-पी३, छपाईसाठी अ‍ॅडोबी आरजीबीच्या जवळपास. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ (एनटीएससी हे रंगांचं जुनं माप) असं लिहिलेला पॅनेल आढळतो. तो एसआरजीबीचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतो. अशा स्क्रीनवर लाल रंग फिका दिसतो, म्हणून एडिट करणारा तो वाढवत जातो. मग तोच फोटो चांगल्या फोनवर उघडला की चेहरे भाजल्यासारखे दिसतात. ज्याचं काम इतरांच्या स्क्रीनवर पाहिलं जाणार आहे, त्याने हा पॅनेल कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये.

ओलेड स्क्रीनचे रंग आणि काळोख सुंदर असतात, पण एडिटिंगचा टूलबार दिवसभर एकाच जागी राहिला तर काही वर्षांनंतर त्याचा ठसा पडण्याची शक्यता असते. आताशा बऱ्याच गेमिंग लॅपटॉपवरही १६:१० आकाराची, २४० हर्ट्झची आणि पूर्ण डीसीआय-पी३ रंगांची स्क्रीन मिळते. ती मिळाली की क्रिएटर पाटीचा सर्वांत मोठा मुद्दाच निकालात निघतो.

‘स्टुडिओ’ ड्रायव्हर (कार्ड चालवणारं एनव्हिडियाचं, क्रिएटरसाठीचं सॉफ्टवेअर) मिळेल म्हणून क्रिएटर लॅपटॉप घ्यायचं तर काहीच कारण नाही. गेम रेडी आणि स्टुडिओ हे दोन्ही ड्रायव्हर एनव्हिडियाच्या एकाच जीफोर्स कार्डावर चालतात, फुकट असतात आणि हवे तेव्हा बदलता येतात.

व्हिडिओवाल्यांनी आणखी एक बारकावा पाहावा. अनेक कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांचा जास्त तपशील ठेवून दाबलेलं) फुटेज देतात. ते उलगडण्याची सोय इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंक या व्हिडिओ यंत्रणेत आहे. एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेपासून आणली. ही सोय नसेल तर गेम सुसाट चालणाऱ्या लॅपटॉपवरही एडिटिंगची टाइमलाइन अडखळते. शिवाय गेमचे फ्रेम वाढावेत म्हणून मक्स स्विचने (स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडायची ते ठरवणारी सोय) फक्त मोठं कार्ड चालू ठेवलं, की अनेक लॅपटॉपमध्ये इंटेलचं अंगचं ग्राफिक्स बंद होतं आणि त्याबरोबर क्विक सिंकही. एडिटिंगला बसण्याआधी तो परत हायब्रिडवर, म्हणजे दोन्ही ग्राफिक्स चालू ठेवणाऱ्या सेटिंगवर, आणावा.

अ‍ॅपलच्या मॅकबुक प्रोचं नाव इथे निघतंच. प्रोरेस या अ‍ॅपलच्याच व्हिडिओ फॉरमॅटसाठी त्यात खास हार्डवेअर आहे आणि चार्जर काढला तरी वेग फारसा पडत नाही. पण कितीतरी मोठे गेम मॅकवर येतच नाहीत, त्यामुळे दोन्ही कामं हवी असणाऱ्याला मी तो सुचवत नाही.

निवड करताना मी एकच प्रश्न विचारतो: यातलं नंतर काय बदलता येईल? साधी स्क्रीन असेल तर घरी कॅलिब्रेट केलेला (रंग अचूक जुळवलेला) मॉनिटर जोडता येतो. एसएसडी बहुधा बदलता येते. जाड लॅपटॉपमध्ये रॅमचे स्लॉटही बहुतेक वेळा असतात. वॉट, ग्राफिक्स मेमरी आणि थंड ठेवण्याची व्यवस्था मात्र जन्माची असते. म्हणून टेबलावर बसून दोन्ही कामं करणाऱ्याने चांगल्या स्क्रीनचा गेमिंग लॅपटॉपच घ्यावा, वजन आणि पंख्यांचा आवाज सोसून.

शूटिंगच्या जागी, प्रवासात, प्लगपासून दूर एडिट करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास आहे, त्यामुळे गेमिंग लॅपटॉपलाही त्याहून मोठी बॅटरी सहसा मिळत नाही, आणि चार्जर काढला की त्याचं कार्ड तसंही मंदावतं. असं बाहेर एडिट करणाऱ्यांनी यूएसबी-सीवर चार्ज होणारा हलका क्रिएटर लॅपटॉप घ्यावा. त्यात रॅम बऱ्याचदा बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तेव्हा ३२ जीबी सुरुवातीलाच घ्यावी आणि गेम मध्यम सेटिंगवर खेळावेत.