फुल मॅरेथॉनची तयारी चालू असताना टेन के पळायची का?

(आमच्याकडे मॅरेथॉनचा सराव करणाऱ्या अनुभवी धावपटूंसाठी माहितीपत्रक)

नोव्हेंबर लागला की नागपुरात पळायचे दिवस येतात. मे महिन्यात सकाळी सहालाच घामाघूम करणारा फुटाळ्याचा काठ आता गार असतो, वॉकर्स स्ट्रीटवर पहाटेच गर्दी होते आणि दर रविवारी कुठे ना कुठे टेन के (१० किलोमीटरची शर्यत) किंवा हाफ (२१ किलोमीटरची) असते. नेमक्या याच दिवसांत, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत फुल (४२ किलोमीटरची मॅरेथॉन) पळणाऱ्यांचा सगळ्यात जड सराव चालू असतो.

"सर, दहाच किलोमीटर त आहे!" हे वाक्य आमच्या बुटांच्या दुकानात डिसेंबरभर ऐकू येते. आठवड्याला ८० किलोमीटर पळणाऱ्याला १० किलोमीटर खरेच जास्त नाहीत. पण भार पडतो तो वेगाचा. बिब (शर्यतीचा नंबर) छातीवर लागले, बाजूचा पुढे गेला, की सरावात कधीच काढला नसता असा वेग माणूस काढतो. त्या रविवारी काही जाणवत नाही. पायांचे दुखणे एक-दोन दिवसांनी वर येते, मंगळवारचे इंटरव्हल (मध्ये दम घेत जोरात पळायचे तुकडे) बिघडतात, ते भरून काढायला गुरुवारी जोर लावला जातो आणि पुढच्या रविवारचा ३२ किलोमीटरचा लाँग रन २२ वर सुटतो. मॅरेथॉनचे नुकसान होते ते इथे. म्हणून तुम्ही शर्यत पळू नये असे आम्ही म्हणत नाही. शर्यतीच्या पुढचा आठवडा आधी मोजा, एवढेच सांगतो.

प्रशिक्षकांमध्ये एक जुना हिशेब चालतो: शर्यतीच्या दर ३ किलोमीटरमागे एक दिवस हलके पळायचे. टेन केनंतर तीन दिवस, हाफनंतर पूर्ण आठवडा. चाळिशी ओलांडलेल्यांनी त्यात एखादा दिवस वाढवावा, असे आमचे मत आहे.

आठवडा कसा बदलतो

टेन के ही त्या आठवड्यातल्या जोरकस सरावाच्या जागी येते. त्या सरावात तिची भर घालायची नाही. हा एकच नियम पाळला तरी निम्मे प्रश्न सुटतात. शर्यतीच्या आठवड्यात आम्ही मंगळवारचे इंटरव्हल काढून टाकतो. त्या दिवशी १० ते १२ किलोमीटर संथ आणि शेवटी शंभर-शंभर मीटरच्या पाच-सहा मोकळ्या धावा पुरतात. बुधवारी १८ किलोमीटर आरामात. शुक्रवार सुट्टी, शनिवारी थोडे पाय मोकळे करायचे. रविवारी शर्यतीआधी ४ किलोमीटर वॉर्मअप, मग शर्यत, आणि मेडल गळ्यात पडल्यावर तर्री पोह्यांच्या रांगेत लागण्याआधी आणखी ७ किलोमीटर अगदी संथ. बेरीज २१ होते. हे शेवटचे ७ किलोमीटर कंटाळवाणे असतात, सोबतचे फोटो काढत असतात, पण थकलेल्या पायांनी पळत राहायची सवय इथेच लागते. सेमिनरी हिल्सचा चढ मात्र पुढचे तीन दिवस नको. खरा त्रास उतारावर होतो, मांड्यांवर ताण तिथेच येतो.

हाफचे दोन प्रकार. एक, पूर्ण जोर लावून, मुंबईच्या चार-पाच आठवडे आधी, आणि त्यानंतरचा आठवडा हलका. अशी हाफ संपूर्ण तयारीत एकच. दुसरा प्रकार आम्हाला जास्त आवडतो: हाफ पळायची, पण फुल मॅरेथॉनसाठी ठरवलेल्या वेगाने, आधी ४ आणि नंतर ५ किलोमीटर संथ, म्हणजे ३० चा लाँग रन झाला. वाटेत पाणी मिळते, रस्ता मोकळा मिळतो. अट एवढीच, की घड्याळ बघून स्वतःला आवरता आले पाहिजे. ज्यांना आवरत नाही त्यांनी त्या रविवारी गोरेवाड्याकडे एकट्याने जावे.

शेवटची टेन के मुंबईच्या दोन आठवडे आधी. त्यानंतर टेपर, म्हणजे सराव कमी करत नेणे, शर्यत नाही.

नागपूरचा वेळ आणि मुंबईचा वेळ

छोट्या शर्यतीचा मोठा फायदा म्हणजे आपण कुठे आहोत ते कळते. पीटर रीगल यांचे सूत्र धावपटूंमध्ये सर्वत्र वापरले जाते: अंतर दुप्पट झाले की वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्त, साधारण २.०८५ पट. टेन के ४५ मिनिटांत पळणाऱ्याची हाफ १ तास ३९ मिनिटांच्या आसपास आणि फुल ३ तास २७ मिनिटांच्या आसपास येते. पण हे सूत्र लाँग रन पुरेसे झालेत असे धरून चालते. शिवाय डिसेंबरच्या कोरड्या थंडीत नागपुरात काढलेला वेळ मुंबईच्या दमट हवेत तसाच्या तसा उतरत नाही. तिथे जानेवारीतही ऊन वर आले की उकडते आणि पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात, पाय रिकामे झाल्यावर समोर येतो. वरच्या उदाहरणातल्या धावपटूला आम्ही ३ तास ३५ मिनिटांचा, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ६ सेकंदांचा बेत देऊ. बरे वाटले तर शेवटच्या ७ किलोमीटरमध्ये वाढवा.

हाफमध्ये पळताना खायचे एनर्जी जेल, मोजे, पहाटेचा नाश्ता, सगळे मुंबईत असेल तसेच ठेवून बघा. कार्बन प्लेटचे बूट घेतले असतील तर तेही त्याच दिवशी. दर रविवारी ते घालू नका. आम्ही बूट विकतो, तरी हेच सांगू: रोजच्या सरावाला साधी, मळलेली जोडी चांगली.

कधी पळू नये

नडगीच्या हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर बिब घरीच ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सकाळी उठल्यावरची नाडी दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त येत असेल, झोप लागत नसेल, तर शर्यत सोडा. भरलेले पैसे गेले तरी चालतील.

शर्यतीची नोंदणी करण्याआधी आम्हाला तारीख आणि अंतर कळवा. आधीच केली असेल तर किमान दोन आठवडे आधी सांगा. तुमचा तक्ता बदलून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शर्यतीनंतर घड्याळातली प्रत्येक किलोमीटरची नोंद आणि मंगळवारी पाय कसे होते ते लिहून आणा. शर्यतीच्या वेळेपेक्षा त्या मंगळवारावरून पुढचा लाँग रन किती किलोमीटरचा ठेवायचा ते आम्ही ठरवतो.