आधी बिरुद, मग प्रभाव

एखाद्या बाबाला अटक झाली की रडणाऱ्या भक्तांचे व्हिडिओ फिरतात आणि हमखास कुणीतरी विचारतं, ‘या लोकांना डोकं नसतं का?’ असतं. त्या गर्दीत इंजिनिअर असतात, प्राध्यापक असतात. बाबा बोलत असताना ते डोकं काय करत असतं, हे शोधायला हवं.

डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातल्या उफे श्योट आणि सहकाऱ्यांचा 2011 साली छापून आलेला प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. श्रद्धाळू ख्रिस्ती आणि धर्म न मानणारे अशा दोन गटांना त्यांनी एफएमआरआय यंत्रात झोपवून ध्वनिमुद्रित प्रार्थना ऐकवल्या. सहा प्रार्थना ख्रिस्ती नसलेल्या माणसाच्या, सहा साध्या ख्रिस्ती माणसाच्या आणि सहा प्रार्थनेनं आजार बरे करणाऱ्याच्या, असं सांगितलं. प्रत्यक्षात सगळे आवाज साध्या ख्रिस्ती माणसांचेच होते.

हे यंत्र विचार वाचत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन घेऊन रक्त येतं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं, ऑक्सिजन धरलेलं तसं करत नाही. हा फरक यंत्र टिपतं. रक्ताचा ओघ वाढायला काही सेकंद लागतात, त्यामुळे संदेश थोडा उशिरा उमटतो.

‘आजार बरे करणाऱ्या’चा आवाज आला तेव्हा श्रद्धाळूंच्या डोर्सोलॅटरल आणि मिडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधली, म्हणजे कपाळामागच्या भागांतली, सक्रियता घटली. ऐकलेलं पडताळून पाहण्यात या भागांचा वाटा असतो. ज्यांच्यात घट जास्त, त्यांना तो वक्ता जास्त प्रभावी वाटला आणि देव जवळ असल्याची जाणीवही जास्त झाली.

यावरून ‘भक्तांचा मेंदू बंद पडतो’ असा मथळा देणं चूक आहे. घट तुलनेतली होती, प्रयोगही लहान होता. शिवाय इतर नात्यांतही हेच घडत असावं, असं संशोधकांचं मत आहे. भरवशाच्या डॉक्टरनं दिलेल्या प्रत्येक गोळीची आपणही उलटतपासणी घेत नाही.

माझ्या मते कळीचा आहे तो क्रम. फरक पडला तो वक्त्याला लावलेल्या बिरुदामुळे. असा प्रभाव अनुयायांच्या मान्यतेवर उभा असतो, हे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरनं शंभर वर्षांपूर्वीच मांडलं होतं. आपल्याकडेही बाबांच्या आधी त्यांची ख्याती घरी पोचते: मावशीची गुडघेदुखी थांबली, शेजाऱ्यांच्या मुलाला नोकरी लागली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते चमत्कारांमागची हातचलाखी गावोगाव करून दाखवत, ते नेमकं याच पायरीवरचं काम होतं. सत्संगात जाऊन बसलेल्या माणसाशी तोच वाद घालणं कितीतरी अवघड असतं.