सिंक की ट्रिगर? टेक्ट्रॉनिक्स ५११ च्या मागची गोष्ट

जुन्या स्कोपच्या, म्हणजे विजेच्या सिग्नलचा आकार काचेवर रेघेने दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या, गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास येतंच: टेक्ट्रॉनिक्स ५११ हा स्कोप काढणाऱ्या हॉवर्ड व्होलमने ट्रिगर्ड स्वीप शोधला. नाही शोधला. माणूस मोठाच, त्यात वाद नाही, पण हे श्रेय चुकीच्या खात्यात जमा झालंय आणि त्याला कारण म्हणजे शब्दांचा घोळ.

सुरुवात पटकन उरकतो. जन्म १९१३, ओरेगनमधलं पोर्टलंड. रीड कॉलेजात फिजिक्स, तिथेच स्वतःच्या हाताने एक स्कोप बनवला, १९३६ ला डिग्री. मंदीचे दिवस, म्हणून गावातल्याच एका रेडिओच्या दुकानात रिपेअरिंग. मग युद्ध, आर्मीचं सिग्नल कोअर, इंग्लंडमध्ये रडारचं काम, परत येऊन न्यू जर्सीत शत्रूची मॉर्टर कुठून डागली जातेय ते शोधणारं रडार. हे रडार लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिथूनच निघतं.

तोवरच्या नेहमीच्या स्कोपमध्ये स्वीप, म्हणजे ठिपक्याची काचेवरची डावीकडून उजवीकडची धाव, आपल्याच तालात अखंड चालू असायचा, आणि इनपुटमधला थोडा सिग्नल त्या सर्किटमध्ये सोडून त्याला कसंबसं तालावर आणायचं. हे सिंक. आमच्या लॅबमध्ये असाच एक खटारा सीआरओ (स्कोपचंच दुसरं नाव) होता, वेव्ह सरकत सरकत डावीकडे पळायची, नॉब केसभर फिरवला की उजवीकडे, मधेच क्षणभर थांबली की पार्टनर ओरडायचा, "हात काढ, हात काढ!" आणि नॉब फिरवला म्हणजे स्वीपचा वेग बदलला, मग आडव्या अक्षावर वेळ मोजणार कशी? त्यात रडारचा पल्स म्हणजे एखाद्या मायक्रोसेकंदाचा आणि पुढचा यायला हजारेक मायक्रोसेकंद, सिंकवाल्या स्कोपवर तो एका बारीक काडीसारखा दिसणार, तोही दिसला तर.

ट्रिगरची गोष्ट उलटी. स्वीप दबा धरून बसतो, सिग्नलने ठरलेली पातळी ओलांडली की ठरलेल्या वेगाने एकदाच धावतो, परत येऊन पुन्हा वाट बघत बसतो. वेग सिग्नलवर अवलंबून नाही, म्हणून एका सेंटिमीटरला इतके मायक्रोसेकंद असं छातीठोक सांगता येतं.

आता घोळ. हे ट्रिगरचं तंत्र युद्धातल्या रडार लॅबमध्ये रोजच्या वापरात होतं, आणि तिथे अशा स्कोपला नाव काय होतं? सिंक्रोस्कोप! म्हणजे जो सिंक करतच नाही त्याच्याच नावात सिंक. त्यात भर म्हणजे पॉवर हाउसवाल्यांकडे सिंक्रोस्कोप आधीपासून होताच, जनरेटर बसबारला, म्हणजे वीज वाहणाऱ्या मुख्य पट्टीला, जोडण्याआधी ज्याचा काटा बघतात ते मीटर, त्याचा याच्याशी काहीच संबंध नाही. जपानमध्ये तर एका कंपनीने पुढे बरीच वर्षं सिंक्रोस्कोप याच नावाने स्कोप विकले. बाजारात तेव्हा ज्यांचा दबदबा होता ते ड्यूमाँटवाले आपल्या मशीनला ऑसिलोग्राफ म्हणायचे. आपण सीआरओ म्हणतो त्यातला शेवटचा ओ कुणाचा, स्कोपचा की ग्राफचा, हे व्हायव्हाला विचारलं की अर्धा वर्ग गप्प व्हायचा.

मग व्होलमचं काय? १९४६ ला तीन भागीदारांबरोबर टेक्ट्रॉनिक्स काढली, त्यातला एक तोच रेडिओ दुकानवाला. १९४७ ला पहिला ५११ विकला गेला, पोर्टलंडमधल्याच मेडिकल स्कूलला. १० मेगाहर्ट्झ, किंमत ७९५ डॉलर. ट्रिगर त्याने शोधला नाही, पण लष्कराच्या लॅबमधली ती गोष्ट कॅलिब्रेट करून, उभ्या-आडव्या दोन्ही अक्षांवर आकडे वाचता येतील अशी करून साध्या लॅबला परवडेल अशा डब्यात बसवली. माझ्या मते हेच जास्त अवघड काम. स्कोप तोवर आकार बघायची काच होती, आता ते मोजमापाचं यंत्र झालं.

एक अडचण मात्र उरली. ट्रिगर ओळखून स्वीप सुटेपर्यंत क्षणभर जातो आणि तेवढ्यात पल्सची चढती कडा निघून गेलेली असते. उपाय म्हणजे सिग्नललाच वाटेत रखडवायचं, डिले लाइन. ५११ एडी या मॉडेलच्या नावातला डी त्याचाच. टेक्ट्रॉनिक्सचाच पुढचा ५४५ उघडून बघा, कॉइल आणि छोट्या ट्रिमरची (फिरवून जुळवायच्या कपॅसिटरची) लांबच लांब रांग दिसते, प्रत्येक ट्रिमर थोडा थोडा फिरवत स्क्वेअर वेव्हचा माथा सपाट करायचा, एक बिघडवला की शेजारचे चार रुसतात. आत चांदी मिसळलेल्या सोल्डरचं छोटं रीळही ठेवलेलं असायचं, कारण साधं सोल्डर वापरत राहिलं तर भाग जोडायच्या सिरॅमिक पट्टीवरचा चांदीचा थर निघून येतो.

१९५४ चा ५३५ आला तोवर डिझाइन बऱ्याच हातांत वाटलं गेलं होतं. त्यात दोन टाइमबेस, म्हणजे स्वीप चालवणारी दोन सर्किटं, एक सुटल्यावर ठरावीक वेळाने दुसरा, म्हणजे लांब सिग्नलमधला हवा तो तुकडा मोठा करून बघा. १९६९ च्या ७००० सिरीजमध्ये सेटिंगचे आकडे थेट स्क्रीनवर उमटायला लागले. व्होलम १९८६ ला गेला.

आणि आता डिजिटल स्कोपमध्ये तर शब्दच पालथा पडलाय. मेमरीत सिग्नल सतत भरत असतो, ट्रिगर आला की ठरलेल्या जागी भरणं थांबतं, त्यामुळे ट्रिगरच्या आधीचंही दिसतं आणि डिले लाइनची गरजच उरली नाही. सुरू कर सांगणारा ट्रिगर आता थांब सांगतो. आणि ऑटो मोडमध्ये ट्रिगर सापडला नाही की ट्रेस पुन्हा आपल्याच तालात सरकायला लागतो, थेट आमच्या त्या खटाऱ्यासारखा.