पुरुषांची लघवी गळणे आणि त्यावरची ऑपरेशनं: हे सगळं आलं कुठून

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये शुगर, गुडघे, बायपास सगळ्यावर चर्चा होते पण लघवी गळते हे कोणी बोलत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या मामांनी प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर हे घरात कळूच दिलं नाही, फक्त सोफा सोडून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले त्यावरून मला शंका आली. किडनी-लघवीचं काही निघालं की बडोदेकर नडियादला मूळजीभाई पटेल हॉस्पिटलकडे बोट दाखवतो, ते १९७८ पासून आहे, म्हणजे डॉक्टर लांब नाहीत, लाज आडवी येते.

मुळात हा त्रास बराचसा दुसऱ्या ऑपरेशनातून आलाय. प्रोस्टेट मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि लघवी धरून ठेवणारा स्नायू तिला लागूनच, त्यामुळे ती काढताना त्याला धक्का बसू शकतो. कॅन्सरसाठी अख्खी प्रोस्टेट काढायचं ऑपरेशन ह्यू हॅम्पटन यंगने १९०४ मध्ये बाल्टिमोरला केलं, तेव्हा जीव वाचला हेच खूप, कपडे ओले राहिले तर राहिले. १९८२ पासून पॅट्रिक वॉल्शने नसा वाचवत ऑपरेशन करायची पद्धत आणली, त्याच काळात आतली रचना नीट कळत गेली आणि गळणंही कमी झालं, पण पुढे प्रोस्टेट कॅन्सरची शंका दाखवणारी पीएसए ही रक्ताची टेस्ट आली, ऑपरेशनंच वाढली, मग गळणारे पेशंटही आलेच.

उपाय शोधणाऱ्यांची खरी अडचण एकच होती, मूत्रनळी दाबून लघवी थांबवणं सोपं आहे हो, पण हवी तेव्हा सोडायची कशी? कॅथेटरवाल्या (म्हणजे लघवी काढायला आत घालतात त्या नळीवाल्या) फोलीने १९४७ मध्ये मूत्रनळीभोवती फुगणारा पट्टा सुचवला, त्याचा पंप पेशंटने पँटच्या खिशात ठेवायचा (कल्पना करा, रावपुऱ्यात भाजी घेताना खिशात पंप!). १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ कॉफमनने सिलिकॉनची जेल भरलेली गादी आत बसवून पाहिली, ती मात्र कायम दाबूनच ठेवायची.

गाडी पुढे सरकली १९७२ मध्ये, ह्यूस्टनचा सर्जन ब्रँटली स्कॉट, न्यूरॉलॉजिस्ट विल्यम ब्रॅडली आणि इंजिनिअर जेराल्ड टिम यांनी अख्खं यंत्रच शरीरात घातलं, त्यात पट्टा फुगवायला एक पंप आणि रिकामा करायला दुसरा. १९८३ च्या एएमएस ८०० या मॉडेलमध्ये एकच पंप आहे. तो अंडकोषाच्या पिशवीत बसतो, दाबला की पट्ट्यातलं पाणी पोटातल्या फुग्यात जातं, लघवी होते आणि काही मिनिटांत पट्टा आपोआप परत भरतो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे ते बंदच ठेवतात, जखम भरेपर्यंत. हाताची बोटं नीट चालायला हवीत, आणि पुढे कधी कॅथेटर घालायची वेळ आली तर आधी पट्टा रिकामा करून बंद करावा लागतो नाहीतर मूत्रनळीला इजा होते, म्हणून असं यंत्र आहे हे घरच्यांना माहीत पाहिजेच.

नंतर जाळीची पट्टी म्हणजे स्लिंग आली. आधी हाडाला स्क्रूने अडकवायचे, मग २००७ मध्ये इन्सब्रुकच्या रेडर आणि गोझी यांनी नळीला खालून उचलून मागे सरकवणारी पट्टी मांडली, पंप वगैरे काही नाही. गळणं कमी-मध्यम असेल तर ती चालते, रेडिएशन झालेल्यांना फारसा उपयोग होत नाही.

मामांच्या ऑपरेशनला अजून चारच महिने झालेत, डॉक्टर म्हणाले वर्षभर आपोआप सुधारू शकतं, तोवर खालच्या स्नायूंचे व्यायाम करा आणि पॅड वापरा. ते आता सोफ्यावर बसतात, खाली जुना टॉवेल घालून.